शिंपल्याचा स्नायू: ताकद वेगळी, पकड वेगळी

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आपल्या विज्ञान पुरवणीत शिंपल्यांच्या स्नायूंवर आलेला लेख वाचला. मृदुकाय प्राण्यांच्या स्नायूंवर मराठीत फारसे कुणी लिहीत नाही, म्हणून विषय निवडल्याबद्दल लेखकाचे आभार. मात्र लेखातली तीन विधाने दुरुस्त व्हायला हवीत, कारण अशी विधाने एकदा छापून आली की ती विद्यार्थ्यांच्या वह्यांत वर्षानुवर्षे मुक्काम ठोकतात. पहिले विधान, शिंपल्याचा स्नायू दाराला कडी लावावी तसा ‘लागतो’ आणि मग त्याला ऊर्जा अजिबात लागत नाही. दुसरे, या ताकदीचे गुपित म्हणजे पॅरामायोसिन नावाचे प्रथिन, जे आकुंचनानंतर ‘गोठते’. तिसरे, कॅल्शिअम वाढले की स्नायू आवळतो आणि कमी झाले की सैल पडतो, ‘आपल्या स्नायूंसारखेच’.

तिन्ही चुकांचे मूळ एकच आहे. मोठा भार निर्माण करणे आणि निर्माण झालेला भार तासन्‌तास धरून ठेवणे (या पकडीला ‘कॅच’ म्हणतात) ही या स्नायूची दोन वेगळी कामे आहेत. ती वेगळ्या यंत्रणा करतात, वेगळ्या रसायनांच्या हुकमाने करतात आणि त्यांतली एक बंद असताना दुसरी चालू असू शकते. दोन्हींची गल्लत केली की पुढचे सगळे गणित फसते.

आधी भार किती, ते पाहू. द्विपुट शिंपल्याच्या दोन झडपा बिजागरीपाशी एका लवचीक बंधाने जोडलेल्या असतात आणि हा बंध झडपा सतत उघडायला पाहतो. त्याच्या विरुद्ध मिटवणारा स्नायू काम करतो. म्हणजे शत्रू नसतानासुद्धा शिंपला मिटून राहायचा तर स्नायूला सतत ओढ धरावी लागते. त्यात तारामासा आला की तो नळीपादांनी झडपांच्या कडा धरून तासन्‌तास ओढत राहतो. त्याला झडपा सताड उघडायच्याही नसतात. सुमारे 0.1 मिलिमीटरची फट मिळाली तरी तो आपले जठर आत सरकवतो. समजा स्नायू बिजागरीपासून 3 सेंटिमीटरवर आहे आणि तारामासा 6 सेंटिमीटरवरच्या कडेला 40 न्यूटनने, म्हणजे साधारण 4 किलो वजनाइतक्या जोराने ओढतो आहे. तरफेच्या हिशेबाने स्नायूवर 80 न्यूटन येतात आणि बिजागरीच्या बंधाची ओढ त्यात मिळवायची ती वेगळीच. स्नायूचा छेद 1 चौरस सेंटिमीटर धरला तर ताण 0.8 मेगापास्कल होतो. पृष्ठवंशी प्राण्यांचा सांगाड्याचा स्नायू पूर्ण जोर लावून साधारण 0.2 ते 0.4 मेगापास्कल देतो, तोही थकेपर्यंतच. मायटिलस वंशाच्या शिंपल्यात खडकाला चिकटून राहण्याच्या धाग्यांचे, म्हणजे बिसस धाग्यांचे, बूड झडपेकडे ओढून धरणारा एक स्नायू असतो, तो पुढचा बिसस-आकर्षक स्नायू. त्याचा आणि कालवाच्या मिटवणाऱ्या स्नायूतल्या अपारदर्शक भागाचा ताण 1 मेगापास्कलच्या पुढे मोजला गेला आहे. हा आकडा कुठून येतो, हा पहिला प्रश्न.

उत्तर जाड तंतूंच्या लांबीत आहे, आणि लेखात नेमके तेच राहून गेले. स्नायूचे बल जाड तंतूंतल्या मायोसिन या प्रथिनाच्या डोक्यांनी ॲक्टिन या दुसऱ्या प्रथिनाचे बारीक तंतू ओढल्यामुळे येते, हे खरे. पण जाड तंतूच्या एका अर्ध्या भागावर जितकी डोकी एकाच वेळी ओढतात, त्या सगळ्यांचे बल एकमेकांत मिळते, कारण ती समांतर लागलेली असतात. तंतू लांब तर डोकी जास्त आणि बलही जास्त. पृष्ठवंशी सांगाड्याच्या स्नायूत जाड तंतू 1.6 मायक्रोमीटर लांब असतो. मायटिलसच्या या स्नायूत तो 25 मायक्रोमीटरच्या घरात जातो. अर्धी लांबी 0.8 च्या जागी 12.5 मायक्रोमीटर, म्हणजे पंधरा पटींपेक्षा थोडी जास्त. बल मात्र पंधरा पट होत नाही, कारण हे तंतू जाडही असतात, त्यामुळे तेवढ्याच छेदात ते संख्येने कमी मावतात. हिशेब अखेर तीन-चार-पाच पटींवर येऊन थांबतो आणि मोजलेले आकडेही तेच सांगतात.

त्याची किंमत वेगात मोजावी लागते. तंतू लांब असल्याने तेवढ्याच लांबीत एकामागोमाग एक लागलेले छोटे घटक कमी झाले की आखडण्याचा वेग उतरतो, कारण प्रत्येक घटक आपापला वाटा देतो आणि त्या वाट्यांची बेरीज म्हणजे स्नायूचा वेग. हा बिसस-आकर्षक स्नायू भार नसतानाही सेकंदाला स्वतःच्या लांबीच्या साधारण पाव भागाइतकाच आखडतो. मिटून बसणाऱ्या प्राण्याला तेवढे पुरते. स्कॅलॉप या पोहणाऱ्या शिंपल्याला ते परवडत नाही, म्हणून त्याच्या मिटवणाऱ्या स्नायूत मोठा रेखित (पट्टे असलेला) भाग झडपा फडफडवायला आणि शेजारी छोटा अपट्टकी (बिनपट्ट्यांचा) भाग मिटून राहायला, अशी सरळ वाटणी असते. एकाच स्नायूला दोन्ही कामे उत्तम जमतील असे शरीररचनेत सहसा घडत नाही.

पॅरामायोसिनचे खरे काम इथे आहे. जाड तंतूच्या मध्यावर दोन्ही बाजूंच्या डोक्यांची ओढ एकवटते. टोकाला ताण जवळजवळ शून्य आणि मध्याकडे येता येता तो वाढत जातो. तंतू पंधरा पट लांब केला आणि गाभा तसाच ठेवला, तर तो मध्येच ताणेल किंवा तुटेल. त्यामुळे लांब तंतूला जाड, भरीव गाभा लागतो आणि तो पॅरामायोसिनचा असतो. साधारण 130 नॅनोमीटर लांबीच्या, दोन सर्पिल साखळ्या एकमेकींभोवती पिळलेल्या या दांड्या ठरावीक अंतराने सरकून रचल्या जातात आणि मायोसिन त्यांच्या पृष्ठभागावर थर म्हणून बसते. कॅच स्नायूंच्या जाड तंतूंची जाडी 60 नॅनोमीटरच्या आसपास, कालवांच्या काही स्नायूंत 100 च्या पुढे जाते. तुलनेसाठी, आपल्या सांगाड्याच्या स्नायूत ती 15 नॅनोमीटर असते. वेगवेगळ्या अपृष्ठवंशी प्राण्यांच्या स्नायूंची तुलना केली तर तंतूची लांबी, पॅरामायोसिनचे प्रमाण आणि स्नायूचा ताण एकत्र चढताना दिसतात. पॅरामायोसिन भार सोसते, धरून मात्र ठेवत नाही.

‘गोठण्याची’ कल्पना लेखकाच्या डोक्यातून आलेली नाही, तिला इतिहास आहे. 1959 साली जॉन्सन, कान आणि सेंट-गॉर्गी यांनी पॅरामायोसिन आणि कॅच यांची सांगड घातली. पुढे काही वर्षे पॅरामायोसिनच्या गाभ्यांनी एकमेकांना चिकटून ताठर होणे हे एक गंभीर स्पष्टीकरण मानले जात होते. त्याला अडचण अशी की पॅरामायोसिन अनेक अपृष्ठवंशी प्राण्यांच्या साध्या स्नायूंतही असते, उदाहरणार्थ सूत्रकृमींच्या शरीरभित्तीच्या स्नायूंत आणि कीटकांच्या उड्डाणस्नायूंत. हे स्नायू कॅच दाखवत नाहीत. दुसरे, कॅच चालू-बंद होताना ज्याच्यावर फॉस्फेट चढते-उतरते असा पक्का पुरावा मिळाला तो दुसऱ्या एका प्रथिनाचा. त्याच्याकडे वळण्याआधी घटनांचा क्रम नीट मांडावा लागेल, कारण तिसऱ्या विधानाची दुरुस्तीही त्या क्रमातच आहे.

उत्तेजक चेता टोकापाशी ॲसिटिलकोलिन हे रसायन सोडते. स्नायूपेशीत कॅल्शिअम वाढते. मृदुकाय प्राण्यांत हे कॅल्शिअम थेट मायोसिनच्या हलक्या साखळीच्या भागाला जाऊन चिकटते आणि मायोसिनला कामाला लावते, हे केंड्रिक-जोन्स, लेमन आणि सेंट-गॉर्गी यांनी 1970 साली दाखवले. आपल्या आतड्यांच्या किंवा रक्तवाहिन्यांच्या अपट्टकी स्नायूंत कॅल्शिअमला आधी एका कायनेजमार्फत (फॉस्फेट चढवणाऱ्या विकरामार्फत) हलक्या साखळीवर फॉस्फेट चढवावे लागते. शिंपल्यात ती पायरी लागत नाही. इथवर बल निर्माण झाले. आता उत्तेजन थांबते, कॅल्शिअम जवळपास विश्रांतीच्या पातळीला उतरते, मायोसिनचा उद्योग मंदावतो आणि तरीही ताण टिकून राहतो. हीच कॅच अवस्था. ती मोडायला कॅल्शिअम लागत नाही, दुसरी चेता लागते. ही चेता सेरोटोनिन सोडते, पेशीत सायक्लिक एएमपी हा निरोप्या रेणू वाढतो, त्यामुळे प्रोटीन कायनेज ए जागे होते आणि ट्विचिन नावाच्या प्रथिनावर फॉस्फेट चढवते. फॉस्फेट चढले की पकड सुटते. पुढच्या वेळी कॅल्शिअम वाढले की कॅल्शिन्युरीन हे फॉस्फटेज ट्विचिनवरचा फॉस्फेट काढून टाकते आणि स्नायू पुन्हा पकड घेण्यासाठी तयार होतो. म्हणजे कॅल्शिअमचे इथे दुहेरी काम आहे. ते आकुंचन घडवते आणि पुढच्या पकडीची पूर्वतयारीही करते. ‘वाढले की आवळ, उतरले की सैल’ हे सूत्र इथे सपशेल चुकते.

सेरोटोनिनचा हा परिणाम बेटी ट्वारोग यांनी 1954 साली मायटिलसच्या याच स्नायूवर प्रसिद्ध केला. त्याच्या आदल्याच वर्षी त्यांनी आणि अर्विन पेज यांनी सस्तन प्राण्यांच्या मेंदूत सेरोटोनिन असल्याचे दाखवले होते. आज नैराश्यावरच्या औषधांच्या चर्चेत ज्या रेणूचे नाव घराघरांत पोहोचले आहे, त्याच्या सुरुवातीच्या अभ्यासात शिंपल्याच्या स्नायूचा इतका मोठा वाटा आहे, हे लेखात यायला हवे होते. सेरोटोनिनखेरीज मायटिलसमधूनच वेगळे काढलेले एक छोटे पेप्टाइडही कॅच सोडवते.

ट्विचिनचे वजन मायटिलसमध्ये साधारण 530 किलोडाल्टन आहे. ते टायटिन या स्नायूतल्या अजस्र प्रथिनाच्या कुळातले, पण टायटिनपेक्षा कितीतरी लहान. 1989 साली ते सूत्रकृमींत ओळखले गेले. मॅरियन सीगमन, थॉमस बटलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 1990 च्या दशकाच्या अखेरीस दाखवले की सायक्लिक एएमपी देऊन कॅच सोडवताना ज्या प्रथिनावर फॉस्फेट चढतो ते हेच. 2001 साली तर शुद्ध केलेले मायोसिन, ॲक्टिन आणि ट्विचिन एवढ्यांवरच काचेवर कॅचसदृश पकड उभी करून दाखवली गेली. या प्रयोगाचे महत्त्व मोठे आहे. पॅरामायोसिनचा भरीव गाभा त्या मांडणीत नव्हता, तरीही पकड आली. गोठण्याच्या सिद्धान्ताला यापेक्षा सरळ उत्तर शोधूनही सापडणार नाही.

पकड नेमकी कशाने घेतली जाते, यावर तज्ज्ञांत अजून मतभेद आहेत, आणि हे लेखात प्रामाणिकपणे लिहायला हरकत नव्हती. एक मत असे की ट्विचिन जाड आणि बारीक तंतूंमध्ये दोरखंडासारखे ताणलेले असते आणि भार तेच झेलते. दुसरे मत असे की हळूहळू सुटणारी मायोसिनची डोकीच भार झेलतात आणि ट्विचिन त्यांना सोडू देत नाही. पहिल्या मताच्या बाजूने भक्कम गोष्ट ही की मायोसिनच्या डोक्यांना बल देण्यापासून रोखणारी व्हॅनाडेटसारखी फॉस्फेटसदृश रसायने दिली तरी कॅचचा ताठरपणा बराचसा टिकतो. दुसरीकडे, ट्विचिनचा एक भाग ॲक्टिन आणि मायोसिन या दोघांनाही एकाच वेळी धरतो आणि त्यावर फॉस्फेट चढला की सोडतो, असेही दिसले आहे. त्यामुळे मायोसिनला या प्रकरणातून पूर्णपणे बाहेर काढता येत नाही. आमचा कल पहिल्या मताकडे आहे, पण त्यावर शिक्कामोर्तब झाल्यासारखे लिहिणे बरोबर नव्हे.

आता ऊर्जेचा मुद्दा. याकोब पार्नास यांनी 1910 साली मोजून पाहिले की झडपा मिटवून भार पेलत असलेल्या शिंपल्यांचा प्राणवायूचा वापर जवळपास वाढतच नाही. पुढे 1912 साली याकोब फॉन उक्सक्युल यांनी या धरून ठेवण्याच्या क्रियेला स्वतंत्र यंत्रणा मानले. यातून ‘ऊर्जा शून्य’ असा अर्थ काढणे चुकीचे आहे. खर्च फार थोडा असतो, शून्य नसतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, कॅच टिकण्यासाठी पेशीत एटीपी, म्हणजे पेशीला ऊर्जा पुरवणारा रेणू, असावेच लागते. एटीपी पूर्ण संपला तर मायोसिनची डोकी ॲक्टिनला घट्ट चिकटून बसतात आणि स्नायू रिगरमध्ये जातो, जसा मृत्यूनंतर ताठ होतो. बाहेरून पाहता दोन्ही सारखेच ताठर दिसतात, पण सायक्लिक एएमपी दिल्यावर कॅच सुटते आणि रिगर ढिम्म हलत नाही. शिवाय पकड सोडवण्यासाठी जो फॉस्फेट चढवायचा तोही एटीपीतूनच येतो. लेखातल्या कडीच्या उपमेत हे बसत नाही. कडी स्वतः काही खर्च न करता लागून राहते, पण स्नायूत सोडण्याचा खर्च आणि राखणीचा खर्च असे दोन्ही हिशेब शिल्लक राहतात.

ज्या महाविद्यालयांत शरीरक्रियाविज्ञानाची प्रयोगशाळा आहे, तिथे ही पकड दाखवता येते. पद्धत माहीत असेल तर अवघड नाही, पण फसण्याच्या जागा बऱ्याच आहेत. बिसस-आकर्षक स्नायूतून 1 मिलिमीटरपेक्षा कमी जाडीचा जुडगा अलगद सोडवावा. या पेशी एक-दोन मिलिमीटर लांब आणि 5 मायक्रोमीटर जाडीच्या असतात आणि पेशीकडून पेशीकडे भार संयोजी ऊतीतून पोहोचतो. जुडगा चिमट्याने मध्येच दाबला तर तिथली ऊती फाटते आणि मग बल मोजताना ते विनाकारण कमी येते. दोन्ही टोकांना रेशमी धागा बांधून एक टोक खुंटीला आणि दुसरे बलमापकाला जोडावे. कृत्रिम समुद्रपाणी साधारण 15 ते 20 अंश सेल्सिअसवर, सामू 7.8 च्या आसपास ठेवावा, त्यात कॅल्शिअम 10 मिलिमोलर असावे.

सोडवलेला ताजा स्नायू बहुतेक वेळा आधीच आवळलेला असतो, कारण कापताना चेता उत्तेजित झालेल्या असतात. म्हणून आधी 10 मायक्रोमोलर सेरोटोनिन देऊन तो सैल करावा आणि मग ताज्या पाण्याने वारंवार धुऊन काढावा. इथेच बहुतेक प्रयोग बिघडतात. सेरोटोनिन पुरते धुतले गेले नाही तर ट्विचिनवर फॉस्फेट चढत राहतो, ॲसिटिलकोलिन दिल्यावर स्नायू आवळतो खरा, पण ते काढताच लगेच सैल पडतो. ‘आमच्या शिंपल्यात कॅच नाहीच’ असा निष्कर्ष निघतो तो यामुळे. धुणे नीट झाले की 100 मायक्रोमोलर ॲसिटिलकोलिन दोन-तीन मिनिटे द्यावे आणि तेही धुऊन टाकावे. बल एकदम पडत नाही, अर्धा-एक तास हळूहळू घसरत राहते. विजेने उत्तेजित करायचे असेल तर स्थिर दिशेचा प्रवाह वापरावा. लहान लहान आवर्ती ठोके दिले तर सेरोटोनिन सोडणाऱ्या चेताही जाग्या होतात आणि त्या कॅच जमूच देत नाहीत. वीज तीच, स्नायू तोच, पण ठोके बदलले की परिणाम उलटतो. हे न कळल्यामुळे जुन्या नोंदींत बराच गोंधळ आहे.

हे नुसते आवळलेले राहणे कॅचच आहे की आकुंचन अजून चालू आहे, हे ओळखायला झटका-चाचणी उत्तम. ती 1959 साली ब्रायन ज्युवेल यांच्या कामात नीट मांडलेली आढळते. स्नायूची लांबी एका झटक्यात बल शून्याजवळ जाईल इतकी, साधारण 3 ते 5 टक्के कमी करावी आणि तिथेच धरून ठेवावे. आकुंचन चालू असेल तर डोकी पुन्हा ओढायला लागतात आणि बल काही सेकंदांत परत वर चढते. कॅचमध्ये ते चढत नाही, आलेख सपाट राहतो. उलट स्नायू ताणला तर बल जोरात वाढते. म्हणजे या अवस्थेत स्नायू लांब व्हायला विरोध करतो, पण आखडण्यासाठी नवा जोर लावत नाही. तारामाशाच्या ओढीविरुद्ध नेमके हेच कामी येते. झडपा मिटवण्यासाठी लागलेला जोर एकदाच खर्च होतो आणि पुढची राखण जवळजवळ फुकट होते. चाचणी झाल्यावर 1 मायक्रोमोलर सेरोटोनिन द्यावे, पकड सुटताना दिसली की नोंद पूर्ण.

पेशीपटल सॅपोनिन किंवा ट्रायटनने सच्छिद्र केलेल्या जुडग्यांवर काम करताना वेगळीच काळजी लागते. तिथे कॅल्शिअम शोषून घेण्यासाठी ईजीटीए आणि पुरेसे एटीपी देऊनही उरलेला ताण हा कॅच आहे असे म्हणायचे असते. ईजीटीए कमी पडला तर राहिलेल्या कॅल्शिअमवर चाललेले आकुंचनच कॅच म्हणून मोजले जाते. एटीपी कमी पडले तर रिगर कॅच म्हणून मोजले जाते. दुसरी चूक जास्त होते, कारण जाड जुडग्याच्या मध्यापर्यंत एटीपी पुनर्निर्मितीची प्रणाली पोहोचतच नाही. मृदुकाय प्राण्यांत ऊर्जेचा साठा आर्जिनिन फॉस्फेटचा असतो, तेव्हा द्रावणात क्रिएटिन फॉस्फेट टाकले तर क्रिएटिन कायनेजही बाहेरून टाकावे लागते, आणि तो रेणू मोठा असल्याने आत झिरपायला वेळ घेतो. म्हणून सच्छिद्र जुडगे 0.2 मिलिमीटरच्या आत ठेवावेत आणि प्रत्येक नोंदीच्या शेवटी सायक्लिक एएमपी देऊन पाहावे. सुटेल तेवढेच बल कॅचच्या खात्यात धरावे, उरलेले नाही.

पृष्ठवंशी प्राण्यांच्या अपट्टकी स्नायूंतही कमी खर्चात ताण टिकवण्याची एक अवस्था असते, तिला लॅच म्हणतात. तिचे वर्णन 1981 साली झाले. ती याच्याशी जोडू नये. तिथे मायोसिनच्या डोक्यांवरच्या फॉस्फेटची गोष्ट आहे, ट्विचिनची नाही. लेखात ‘आपल्या रक्तवाहिन्याही असेच करतात’ असे एक वाक्य आहे, ते काढलेलेच बरे.

लेखाच्या शेवटी शिंपला उघडण्यासाठी सुरी घालून पिळण्याचा सल्ला आहे. कॅचमध्ये असलेला स्नायू ओढून सैल होत नाही. आधी तो झडपेपासून उखडतो किंवा झडपच तडकते. मोती पिकवणारे शिंपले कामासाठी उघडायचे असतात तिथे म्हणूनच स्नायू आधी सैल करून घेतात. त्यासाठी मेंथॉल, मॅग्नेशियम क्लोराइड किंवा प्रोपिलीन फिनॉक्सिटॉल वापरतात. मॅग्नेशियम क्लोराइडचे समुद्रपाण्याशी समपातळीचे द्रावण लिटरमागे साधारण 75 ग्रॅम हायड्रेटचे होते आणि ते अर्धे-अर्धे समुद्रपाण्यात मिसळून वापरता येते. प्रोपिलीन फिनॉक्सिटॉल लिटरमागे 2 ते 3 मिलिलिटर पुरते. मॅग्नेशियम चेतांतून रसायन सोडणेच थोपवते, त्यामुळे परिणाम यायला वेळ लागतो आणि घाईत सुरी घालणारा माणूस इथेच फसतो. झडपा आपोआप उघडून कड टोचल्यावरही मिटत नाहीत, तेव्हाच पाचर घालावी आणि काम उरकताच शिंपला ताज्या समुद्रपाण्यात सोडावा. मेलेला शिंपला मात्र उघडा पडतो, ‘आवळलेलाच राहतो’ असे नाही. ऊती बिघडत गेली की पकड जाते आणि बिजागरीच्या बंधाला विरोध उरत नाही. किती वेळात, हे प्राणी आणि तापमान यांवर ठरते.

आकृतीतही दोन दुरुस्त्या हव्यात. तिच्यात स्नायूकडे जाणारी एकच चेता दाखवली आहे, तिथे ॲसिटिलकोलिनची आणि सेरोटोनिनची अशा दोन काढाव्यात. आणि कॅल्शिअमची रेघ पकडीच्या पूर्ण काळात उंच दाखवली आहे, ती आकुंचनानंतर खाली आणावी आणि तिच्याच वर ताणाची रेघ उंच राहू द्यावी. हा आलेख नीट छापला तर लेखाचा अर्धा मजकूर वाचकाला वेगळा सांगावा लागणार नाही.

आपले,
स्नायुक्रियाविज्ञानाचे अध्यापक